शुक्रवारची मासळी आणि सोपेपणाचा प्रश्न

शुक्रवारी घरात काय शिजावे हा प्रश्न कॅथलिक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर बहुधा 'मासळी' असेच आले आहे. वसईच्या पट्ट्यात हे उत्तर कोळणीच्या पाटीतून दारापर्यंत चालत येई. देशावर ते तितके सुलभ नव्हते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत समुद्राची मासळी यायची ती आठवड्याच्या बाजारात, सुकट आणि सुक्या बोंबलांच्या रूपाने. ताजी मासळी म्हणजे नीरा, भीमा किंवा कऱ्हेच्या डोहात भोयांच्या जाळ्याला जे लागेल ते. पुढे १९८० साली भीमेवरील उजनी धरण पुरे झाले, त्याच्या पाण्याचा फुगवटा भिगवणपर्यंत येऊन पोचला आणि या भागातील शुक्रवारचे ताटच पालटले. आज बारामतीच्या माणसाला ताजा मासा हवा असेल तर भिगवणचा रस्ता धरला की झाले.

आता त्या ताटात आणखी एक बदल होऊ घातला आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस राहिलेली आपली मुले-मुली घरी येतात तेव्हा मासा कागदात गुंडाळून भाजण्याची रीत सोबत आणतात. फ्रेंच स्वयंपाकात हिला 'पापियोत' असे नाव आहे. रीत अगदी सोपी, जेवण हलके आणि चवीला उत्तम. त्यामुळे ती घराघरांत रुजेल असे आम्हांला वाटते. परंतु तिच्या निमित्ताने एक आक्षेप कानावर येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शुक्रवारचे जेवण इतके सोपे आणि इतके रुचकर असावे काय? ज्या दिवशी प्रभूने क्रुसावर प्राण सोडला, त्या दिवसाची आठवण अशा सुखाच्या जेवणाने होते काय?

या प्रश्नात शिरण्यापूर्वी ती रीत नीट समजून घ्यावी, कारण नीतीचे पुष्कळसे प्रश्न हे कृतीच्या तपशिलातच दडलेले असतात. माशाचे हाताच्या पंजाएवढे, काटे शक्य तितके काढलेले तुकडे घ्यावेत. त्यांना मीठ, हळद आणि लिंबाचा रस चोळून थोडा वेळ ठेवावे. गोड्या पाण्यातील माशाला जो चिखलाचा वास असतो, तो आंबट पदार्थाने पुष्कळ कमी होतो. चिंच किंवा आमसूल वापरण्याची आपली जुनी पद्धत त्यासाठीच होती. प्रत्येक माणसामागे बटर पेपरचा एक चौकोन घेऊन मधोमध दुमडावा. एका बाजूस कांद्या-टोमॅटोच्या चकत्या, वर मासा, त्यावर ठेचलेले आले-लसूण, चिरलेली मिरची, कोथिंबीर आणि चमचाभर तेल. मग दुसरी बाजू वरून आणून कडा एकावर एक चुण्या घालीत घट्ट मिटवाव्यात. ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअस उष्णतेवर पंधरा मिनिटे पुरतात. माशातील आणि भाजीतील पाण्याची आत वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे पुडी फुगते आणि मासा स्वतःच्याच रसात शिजतो. ढवळणे नाही, भांडे करपणे नाही. मासळीचा वासही घरभर होत नाही; ज्यांच्या घरमालकाला तो वास खपत नाही अशा भाडेकरू कुटुंबांना हा गुण विशेष वाटेल. एक सावधगिरी मात्र हवी. काही ठिकाणी मेण लावलेला कागदही बटर पेपर या नावाने विकला जातो. तो ओव्हनमध्ये घालू नये, मेण वितळून अन्नात उतरते. ओव्हनसाठीचा कागद मागून घ्यावा.

ही रीत परकी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी केळीच्या पानाची आठवण करावी. पारशी बांधव पापलेटला हिरवी चटणी लावून, पानात गुंडाळून वाफवतात, ती 'पात्रानी मच्छी'. बंगालात 'पातुरी' होते, केरळात करिमीन पानात भाजतात, आणि आपल्या कोकणात तांदळाच्या पिठाची पानगी पानांमध्येच होते. गोव्याचे कॅथलिक १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, हळदीच्या पानातील पातोळ्या करतात. उजनीच्या दोन्ही तीरांना, इंदापुराकडे आणि पलीकडे करमाळ्याच्या कंदर भागात, केळीच्या बागा आहेत. विस्तवावर किंचित शेकून मऊ केलेले पान कागदाची जागा उत्तम घेते, आणि ज्या घरी ओव्हन नाही तेथे मोदकपात्र किंवा इडलीपात्र पुरते. भिगवणजवळ कागदाचाही मोठा कारखाना आहे. तो छपाईचा कागद करतो, स्वयंपाकाचा नव्हे. तरी मासा आणि कागद यांची गाठ त्या गावाला अगदीच अनोळखी नाही, एवढे गमतीने म्हणता येईल.

आता आक्षेपाकडे वळू. ख्रिस्तसभेचा नियम काय आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. पोप पॉल सहावे यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी 'पेनितेमिनी' हे आज्ञापत्र काढून प्रायश्चित्ताच्या जुन्या नियमांची फेरमांडणी केली. १९८३ च्या धर्मसंहितेत तीच भूमिका कायम आहे. तिच्या १२५१ व्या कलमाप्रमाणे वर्षातील प्रत्येक शुक्रवारी, त्या दिवशी महासण नसेल तर, मांस किंवा देशातील महागुरूंच्या परिषदेने ठरवलेले दुसरे एखादे अन्न वर्ज्य करावयाचे असते. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवशी त्याच्या जोडीला उपवासही असतो. चौदा वर्षे पुरी झालेल्यांना मांसवर्ज्य लागू होते, आणि उपवास प्रौढ वयापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत. पुढील १२५३ वे कलम अधिक महत्त्वाचे आहे. मांसवर्ज्याच्या ऐवजी वा त्याच्या जोडीला दानधर्माची कृत्ये आणि भक्तीची साधना ठरवण्याचा अधिकार ते महागुरूंच्या परिषदेला देते.

या सर्वांत मासा खावा असे कोठेही म्हटलेले नाही. मांस सोडा एवढेच म्हटले आहे. मासा ताटात आला तो आज्ञेने नव्हे, तर मोकळ्या राहिलेल्या जागेतून. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी याचे कारण देण्याचा प्रयत्न केला. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांचे मांस माणसाला अधिक सुख देते आणि त्याच्या वासना चेतवते, म्हणून उपवासात ते वर्ज्य, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. संतश्रेष्ठांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, त्यांनी भिगवणच्या ढाब्यावरची चिलापी चाखली नव्हती. आज पापलेट आणि सुरमई कोंबडीपेक्षा कितीतरी महाग झाली आहे. शुक्रवारी कोंबडी सोडून पापलेट आणणारे घर नियमाचे अक्षर पाळते यात शंका नाही. परंतु त्या घराने काय सोडले, हा प्रश्न उरतोच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःच्याच उपवासाला हसून केली आहे. आपल्यालाही ती उसनी घेण्यास हरकत नसावी.

म्हणजे आक्षेपाचा अर्धा भाग बरोबर आहे. चव चढवून, खर्च वाढवून केलेला शुक्रवार हा शुक्रवार नव्हे. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग, जेवण सोपे आहे म्हणून ते शुक्रवारला शोभत नाही, हा आम्हांला मान्य नाही. आणि खरा वाद इथेच आहे.

कष्ट म्हणजे पुण्य, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेलेली आहे. पण कष्ट कोणाचे आणि प्रायश्चित्त कोणाचे, हे आपण क्वचित विचारतो. माशाची खवले काढणे, पोट साफ करणे, तुकडे करणे, वाटण वाटणे, कालवण उतू जाऊ न देणे आणि शेवटी वासाची भांडी घासणे: हे सारे मटणाच्या स्वयंपाकापेक्षा कमी नाही, पुष्कळदा जास्तच आहे. त्यावर बाजरीच्या भाकऱ्या थापायच्या त्या वेगळ्याच. तेव्हा अनेक घरांत शुक्रवारचा खरा हिशेब असा असतो की, पुरुषाचे प्रायश्चित्त म्हणजे मटणाऐवजी मासा, आणि बाईचे प्रायश्चित्त म्हणजे नेहमीपेक्षा तासभर अधिक चूल. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती सुरू होते तेव्हा किती बाकांवर घरातील पुरुष बसलेले असतात आणि त्यांच्या घरी अजून तवा तापलेला असतो, हे कोणत्याही धर्मग्रामात मोजून पाहावे. प्रभूच्या मागे कालवारीवर जाणाऱ्यांत स्त्रिया पुढे होत्या. त्यांच्या लेकींना आपण चुलीपाशी थांबवून ठेवतो आणि त्याला परंपरा म्हणतो.

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया यांची कथा या संदर्भात सर्वांना आठवेल. ती बहुधा मार्थेला दोष देण्यासाठी सांगितली जाते. प्रभूने तिला स्वयंपाक करू नकोस असे सांगितलेले नाही. ती पुष्कळ गोष्टींची काळजी वाहून त्रासली आहे, हे त्याने ओळखले. गरज एकाच गोष्टीची, असे तो म्हणतो. काही प्राचीन हस्तलिखितांत थोडक्याच गोष्टींची, किंबहुना एकीचीच, अशा अर्थाचा पाठ आहे, आणि त्यावरून 'एकच पदार्थ पुरे' असा साधा घरगुती अर्थ काही भाष्यकारांनी घेतलेला आहे. आम्हांला तो अर्थ आवडतो. पाहुण्याने यजमानिणीला सांगावे की, बाई, एवढे पदार्थ नकोत, एक कर आणि इथे येऊन बैस. या अर्थाने पाहिले तर मार्थेला बसायला मोकळीक देणारे सोपे जेवण शुक्रवारच्या विरोधात जात नाही.

अर्थात मोकळा झालेला वेळ कशाला लागतो हे पाहावे लागेल. पुडी ओव्हनमध्ये ठेवल्यावर जी पंधरा मिनिटे हाती येतात त्यांत दूरदर्शन संच लावला तर कष्ट वाचले, दुसरे काही झाले नाही. त्यांत रोझरीचे एक रहस्य म्हणून होते. आजारी शेजारणीची चौकशी होते. आणि पुडी बांधणे हे असे काम आहे की त्याला हातखंडा लागत नाही. भाकरी थापणे एका दिवसात येत नाही, ही सबब घरातील पुरुषांना आजवर उपयोगी पडली. कागद दुमडायला ती चालणार नाही. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलाला ख्रिस्तसभा मांसवर्ज्याचा नियम लागू करते. त्याच मुलाला शुक्रवारी संध्याकाळी चार पुड्या बांधण्याचा नियम घराने लागू करायला काय हरकत आहे?

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी एकेरी नाही. पुडी आणि पातेले यांत केवळ स्वयंपाकाचा फरक नाही, वाटणीचा फरक आहे. कालवण एका पातेल्यात होते. त्यातून आधी पुरुषांना, मग मुलांना, पाहुणा असल्यास त्याला सर्वांआधी, आणि शेवटी जिने रांधले तिला वाढले जाते. मधले चांगले तुकडे जातात, डोके आणि शेपटी उरते, आणि तीच आपल्याला आवडते असे सांगणाऱ्या आया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. कित्येकदा केवळ रस्सा उरतो. कोणी तिला उपाशी ठेवले असे नाही. पातेल्याची वाटणीच तशी असते, ती नजरेत भरत नाही. पुडीत मात्र प्रत्येकाचा वाटा शिजण्यापूर्वीच ठरतो. पाच माणसे, पाच पुड्या. रांधणारीची पुडी इतरांच्या पुडीएवढीच, आणि सर्वांच्या पुड्या एकाच वेळी गरम असताना उघडाव्या लागतात, म्हणून तिला सर्वांबरोबर बसावे लागते. एका कागदाच्या तुकड्याने घरात आणलेला हा न्याय लहान नाही. प्रवचनांनी जे साधले नाही ते इथे कडा मिटवण्याने साधते, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण दारावर थाप पडली तर? सहावा माणूस आला तर? पातेल्यात तांब्याभर पाणी घालता येते, मिठाची चिमूट टाकता येते, आणि कालवण सहांना पुरते. आपल्या देशावरच्या घरांचे सारे आतिथ्य या रश्श्याच्या पातळपणावर उभे आहे. दुष्काळी वर्षांत याच पाण्याने माणसे जगवली. पुडी पातळ करता येत नाही. जे पाचांसाठी बांधले ते पाचांचेच राहते, आणि सहाव्यासमोर पाच मिटलेल्या पुड्या असतात. न्यायाने मोजलेला वाटा हा असा आतिथ्याच्या आड येतो. ज्या पातेल्याने आईला शेपटी दिली त्याच पातेल्याने वाटसरूला जेवू घातले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. या दोहोंपैकी एकाची निवड करा असे कोणी म्हटले तर आम्ही ती करणार नाही. आईच्या तुकड्यातून पाहुण्याचे आतिथ्य करायचे, ही आजवरची तडजोड मात्र आम्हांला धर्माची वाटत नाही. कारण त्या दानात देणारीला कोणी विचारलेलेच नसते. योहानाच्या शुभवर्तमानातील मुलाने पाच भाकरी आणि दोन मासळ्या पुढे केल्या, त्या त्याच्या स्वतःच्या होत्या.

आतापर्यंत आपण घराच्या चार भिंतींत बोललो. पण सोपेपणाची एक सवय अशी आहे की तो श्रम नाहीसे करत नाही, बहुधा दुसरीकडे हलवतो. साफ केलेले, काटे काढलेले तुकडे घरी येतात, म्हणजे ते कोणीतरी साफ केलेले असतात. भिगवणच्या बाजारात बोलीची गडबड चालू असताना ओल्या फरशीवर बसून खवले काढणारे हात आपल्या सोप्या जेवणातील पहिले हात होत. त्याच्याही आधी रात्री जाळे टाकून पहाटे ते ओढणारा मच्छीमार. या काठावर पिढीजात भोई आणि कोळी आहेत, तसेच जमीन पाण्याखाली गेल्यावर जाळे हाती घेतलेले शेतकरीही आहेत. उजनीच्या पोटात कित्येक गावे गेली. पळसदेवचे जुने देऊळ अजून पाण्यात उभे आहे. पाणी फार उतरले की ते उघडे पडते आणि माणसे आपले जुने गाव पाहायला जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यातही खोल उतरले होते. त्या कोरड्या भेगांच्या दिवसांत कितीजणांची चूल बंद झाली असेल, याची आठवण शुक्रवारच्या प्रार्थनेत कोणी केली की नाही, आम्हांला ठाऊक नाही.

जलाशयातील मासेही एका अर्थी स्थलांतरितच आहेत. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे, बीज सोडून येथे वाढवलेले. तिलापिया, ज्याला इकडे सर्वजण चिलापी म्हणतात, तो आफ्रिकेचा. त्याची मोझांबिक जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. वाम आणि मरळ हे इथले जुने रहिवासी. चिलापी झपाट्याने वाढतो, कसल्याही पाण्यात तग धरतो आणि इतरांची जागा व्यापतो, म्हणून जाणकार त्याच्याविषयी फारसे चांगले बोलत नाहीत. पण याच कुळातील एक मासा गालील सरोवरात आहे आणि लोक त्याला 'संत पेत्राचा मासा' म्हणतात. ज्याच्या तोंडात पेत्राला मंदिराच्या करापुरते नाणे सापडले तो हाच, अशी लोकसमजूत आहे. या कुळातील कित्येक जाती आपली अंडी आणि पिल्ले तोंडात धरून वाढवतात. पेत्राच्या नाण्याची कथा ऐकणाऱ्या मच्छीमारांना माशाच्या तोंडात काहीतरी जपलेले असते हे माहीत असणार. बारीक आसाचे जाळे लावून अशी पिल्ले ओढून काढली तर पुढल्या वर्षीचा बाजार कोठून भरणार, ही उजनीच्या काठावरील प्रामाणिक मच्छीमारांची तक्रार आहे. बोटभर मासे स्वस्त मिळतात म्हणून घेणारा गिऱ्हाईकही त्या जाळ्याचे एक टोक धरून असतो.

आणि पाणी? पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, आळंदी-देहूची इंद्रायणी, सर्वांचे पाणी भीमेत जाते आणि भीमेचे उजनीत. शहरांचे सांडपाणी, शुद्ध केलेले थोडे आणि न केलेले पुष्कळ, याच वाटेने येते. या त्रैमासिकाचे अनेक वाचक पुणे आणि चिंचवडच्या धर्मग्रामांत राहतात. त्यांच्या मोरीतून गेलेल्या साबणाचा आणि तेलाचा माग काढला तर तो भिगवणच्या पाण्यात निघतो, जिथला मासा शुक्रवारी पुन्हा त्यांच्या ताटात येतो. दूर असलेल्या पापाचे फळ इतक्या सरळ रेषेत घरी परत येताना सहसा दिसत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीचे आणि गरिबांचे दुःख एकत्र मांडले. त्याचे पुणे जिल्ह्यापुरते भाष्य लिहायचे तर मुळा-मुठेच्या पुलापासून भिगवणच्या घाटापर्यंत चालत जावे लागेल. भांडी घासताना खरकटे तेल मोरीत न ओतणे हे मांस सोडण्याइतके पवित्र वाटत नाही, कारण त्याला राखेची खूण नाही, भजन नाही. तरी १२५३ व्या कलमात ज्या कृत्यांना जागा आहे त्यांत ते बसते असे आमचे मत आहे. यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात मान लववून, गोणपाट पसरून केलेल्या उपवासाची जी परीक्षा घेतली, तिचा रोखही असाच होता: तू काय सोडलेस यापेक्षा, तुझ्यामुळे कोणाचे जोखड सुटले, हे तो विचारतो.

पुनरुत्थित प्रभूने आपल्या शिष्यांना दिलेली न्याहारी योहानाने शेवटच्या अध्यायात वर्णिली आहे. ती मासळीचीच आहे, आणि तिच्याइतका सोपा स्वयंपाक शुभवर्तमानात दुसरा नाही: कोळशाचा विस्तव, वर मासळी, जवळ भाकर. शिष्य रात्रभर राबून रिकामे आले होते. मग त्याच्या शब्दावर जाळे टाकताच ते भरले. किनाऱ्यावर येऊन पाहतात तो स्वयंपाक अगोदरच तयार. आमचे लक्ष नेहमी पुढच्या वाक्याकडे जाते. आपल्यापाशी मासळी असताना प्रभू त्यांना म्हणतो की, तुम्ही आता धरलेल्या मासळीतूनही काही आणा. मोजलेले जेवण त्याने तेवढ्यावर मिटवले नाही. पेत्र जाळे ओढून आणतो, त्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे असतात, आणि जाळे फाटत नाही. योहानाने आकडा दिला आहे, म्हणजे कोणीतरी बसून मोजले. मच्छीमाराच्या श्रमाची मोजदाद शुभवर्तमानाला क्षुल्लक वाटलेली नाही.

सहाव्या पाहुण्याचा जो प्रश्न वर अर्धा ठेवला, त्यावर साधा तोडगा एवढाच सुचतो की माणसांपेक्षा एक पुडी जास्त बांधावी. तिच्यात अडचण अशी की कागदात शिजवलेला मासा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्याजोगा नसतो; पुन्हा गरम केला तर कोरडा पडतो आणि वास मारतो. तेव्हा कोणी आले नाही तर ती पुडी त्याच रात्री, गरम असतानाच, कोणाच्या तरी दारी पोचवावी लागते. शेजारी एकटी राहणारी म्हातारी असते, सोसायटीच्या फाटकापाशी रात्रपाळीचा पहारेकरी असतो. आणि पोचवायला अर्थातच त्या चौदा वर्षांच्या मुलाला पाठवावे. पुडी त्यानेच बांधलेली असते, म्हणून ती कशी उघडायची आणि वाफेपासून बोटे कशी सांभाळायची, हे त्याला सांगता येईल.